हिशेबाचा कॉम्प्युटर ‘जागा नाही’ म्हणतो तेव्हा



२०२३ चा रमजान होता. १० एप्रिल, अठरावा रोजा. ईदच्या कापडाची गिऱ्हाइकी जोरात होती आणि मार्चच्या विक्रीचे जीएसटी विवरणपत्र भरायची मुदत दुसऱ्याच दिवशी, ११ तारखेला, संपत होती. नेमक्या त्याच दुपारी गोंदियाच्या आमच्या दुकानातील कॉम्प्युटरने दगा दिला. बिल करून ‘सेव्ह’ दाबले की पडद्यावर इंग्रजीत ओळ येई : फाइलमध्ये लिहिता येत नाही, डिस्कवर जागा नाही.

आम्ही चक्रावलो. हिशेबाचा सारा डेटा डी ड्राइव्हवर होता आणि तिथे निम्मी जागा मोकळी दिसत होती. हिशेब लिहिणाऱ्या मुलाने तीन-चार वेळा तेच बटण दाबले. शेवटी कच्च्या चिठ्ठ्या लिहून गिऱ्हाइके मोकळी केली. रात्री तरावीहनंतर एक जाणकार तरुण आला. त्याने डी ड्राइव्हकडे पाहिलेच नाही, सी ड्राइव्ह उघडला. तो काठोकाठ भरला होता. मोबाइलमधून उतरवलेले व्हिडिओ आणि वर्षानुवर्षांचे डाउनलोड तिथे पडून होते. ते हलवताच प्रोग्रॅम चालू झाला.

पण खरे नुकसान नंतर कळले. चिठ्ठ्या आणि कॉम्प्युटर ताडून पाहिले तेव्हा दोन बिले अर्धवट निघाली. स्टॉकमधून ताके वजा झाले होते, पण गिऱ्हाइकाच्या खात्यावर रक्कम चढलीच नव्हती. त्यातले एक बिल आमगावच्या उधारीच्या गिऱ्हाइकाचे होते. चिठ्ठ्या फाडून टाकल्या असत्या तर ती उधारी बुडालीच होती, आणि दोष मात्र हिशेब लिहिणाऱ्या मुलावर आला असता.

काउंटर मोकळा नसेल तर ताका कुठे पसरणार?

गोदामात कितीही जागा असली तरी ताका मोजायला आणि कापायला काउंटर मोकळा लागतो. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. वर्षभराची उधारी नावानुसार लावून दाखव म्हटले की प्रोग्रॅम आधी एक तात्पुरती फाइल करतो, तिच्यात नोंदी पसरतो, क्रम लावतो आणि काम झाले की ती पुसतो. विंडोजमध्ये ही तात्पुरती जागा, म्हणजे टेम्प फोल्डर, सहसा सी ड्राइव्हवरच असते. डेटा डी वर असला तरी काउंटर सी वर आहे. तो भरला की काम अडते.

दुसरी तात्पुरती फाइल आपल्या रोजमेळासारखी असते. चांगला डेटाबेस पक्क्या खात्यात हात घालण्याआधी काय बदलणार आहे ते एका वेगळ्या फाइलमध्ये टिपून ठेवतो. मध्येच वीज गेली तर त्या टिपणावरून तो पूर्वस्थितीला येतो. म्हणून व्यवहार एक तर पुरा होतो, नाही तर मुळीच होत नाही. जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉकची फाइल वेगळी आणि खात्याची वेगळी असते, आणि दोन्ही एकत्र सांभाळणारे कोणी नसते. तिथे एक लिहिली जाते, दुसरी राहते. आमच्याकडे हेच झाले.

कारणे कोणकोणती?

१. तात्पुरत्या फाइलींचा ड्राइव्ह भरलेला. आधी हेच पाहावे.

२. लिहिण्याची परवानगी नाही. डेटा प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवला असेल तर विंडोज तिथे साध्या वापरकर्त्याला लिहू देत नाही. शिवाय विंडोज १० मध्ये २०१७ पासून एक सोय आहे. ती चालू केली तर अनोळखी प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरांत लिहिता येत नाही. अँटिव्हायरसही असे अडवतो.

३. डिस्क रिकामी, पण फाइलच भरली. अॅक्सेसची डेटाबेस फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या मोफत एक्स्प्रेस आवृत्तीत, २००८ आर२ पासून २०२२ पर्यंत, एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. स्वस्तातला प्रोग्रॅम घेतला असेल तर तो आतून कशावर चालतो ते विकणाऱ्याला विचारून ठेवा.

४. डिस्कच खराब होत आहे. कॉम्प्युटर अचानक मंद होतो, फाइल उघडायला वेळ लागतो, जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येतो. अशा वेळी जागा मोकळी करत बसू नका, आधी डेटा दुसरीकडे काढा.

ज्यांच्याकडे लिनक्सचा सर्व्हर आणि मायएसक्यूएल आहे, त्यांना संदेशात आकडा दिसतो. २८ म्हणजे जागा संपली, १३ म्हणजे परवानगी नाही. एवढे फोनवर सांगितले तरी कारागिराचा अर्धा तास वाचतो. तिथेही तात्पुरत्या फाइलींची जागा वेगळी आणि लहान असू शकते. कधी कधी जागा शिल्लक असते, पण लहान फाइली इतक्या साचतात की त्यांच्या संख्येची मर्यादा संपते. तेव्हाही २८ च येतो.

अशा वेळी काय करावे?

पहिले काम, थांबावे. तेच बटण पुन्हा दाबू नये. पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि बिले कागदावर सुरू करावीत.

दुसरे, सर्व कॉम्प्युटरांवरून प्रोग्रॅम बंद करून डेटाच्या संपूर्ण फोल्डरची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. दुरुस्ती करायची ती नकलेवर, मुळावर नाही. कोणी जाणकार आल्या आल्या मूळ डेटावर ‘रिपेअर’ चालवू लागला तर त्याचा हात धरा. दुरुस्ती फसली तर परत यायला वाट राहत नाही.

तिसरे, सी ड्राइव्हची मोकळी जागा पाहावी. कमी असेल तर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबावे. चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘टेम्प’ लिहून त्याच्या मागे-पुढे टक्क्याचे चिन्ह द्यावे. टेम्प फोल्डर उघडतो. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तिथल्या जुन्या फाइली पुसायला हरकत नाही. जी पुसू देत नाही ती वापरात आहे, तिला सोडून द्यावे. पण हिशेबाच्या डेटा फोल्डरात डेटाबेसच्या नावाशी जुळणारी आणखी एखादी फाइल दिसली तर ती फालतू समजून पुसू नका. तोच तुमचा रोजमेळ असू शकतो. तो पुसला तर अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेता येत नाही.

चौथे, सी ड्राइव्ह मुळातच लहान असेल तर टेम्पची जागा विंडोजच्या सेटिंगमधून डी ड्राइव्हवर नेता येते. जाणकाराचे हे दहा मिनिटांचे काम आहे.

पाचवे, प्रोग्रॅम सुरू झाला म्हणून समाधान मानू नका. त्या दिवसाची शेवटची पंधरा-वीस बिले कागदाशी ताडा : बिल, स्टॉक, गिऱ्हाइकाचे खाते आणि कर. आपल्याकडे बालाघाटचा आणि डोंगरगडचा व्यापारीही माल नेतो. परराज्याच्या बिलात कराचे खाते वेगळे असते, तिथे चूक राहिली तर विवरणपत्रात ती पुढे जाते.

पेन ड्राइव्हची गोष्ट

अनेक दुकानांत रात्री डेटा पेन ड्राइव्हवर घेतात. चांगली सवय आहे. पण पुष्कळ पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने तयार केलेले असतात. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा आणि पूर्ण रिकामा असला तरीही. डेटा वाढत वाढत एके दिवशी ही मर्यादा ओलांडतो आणि नक्कल होणे बंद पडते. मुलगा संदेश न वाचता पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकतो. महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. न उघडलेल्या नकलेवर विसंबून राहू नका.

हे सारे कशासाठी? जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. २०२३-२४ च्या विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे तो हिशेब २०३० च्या अखेरपर्यंत हाताशी हवा. चौकशी आली तर ‘कॉम्प्युटर बिघडला होता’ एवढे सांगून भागत नाही.

आमच्या दुकानात आता तीन नियम आहेत. सी ड्राइव्हचा पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवायचा. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ उतरवायचे नाहीत. आणि यूपीएसची बॅटरी दर उन्हाळ्यापूर्वी तपासून घ्यायची, कारण लिहिता लिहिता वीज जाणे हे भरलेल्या डिस्कइतकेच वाईट. खर्च म्हणाल तर बॅटरीपुरताच.

आमचे वडील लाल कापडात बांधलेली वही रोज रात्री स्वतः मिळवून मगच दुकान बंद करीत. वही संपत आली की चार कोरी पाने शिल्लक असतानाच नवी आणीत. कॉम्प्युटरलाही तेवढीच नजर हवी. उधारीच्या खात्यात आपला पैसा असतो आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही. ते दुसऱ्याची अमानत समजून सांभाळावे.