खाडीचा पैसा कुठे थांबतो

२० मे २०२४ च्या रात्री उतरायला आलेल्या एका विमानाने घाटकोपर पूर्वेवरून जाणाऱ्या फ्लेमिंगोंच्या थव्याला धडक दिली आणि मेलेले पक्षी लक्ष्मीनगर परिसरात येऊन पडले. गोळा केले तेव्हा ३९ भरले. पुढचे काही दिवस दोष कुणाचा यावर भरपूर चर्चा झाली. विजेच्या तारांपासून नवी मुंबईतल्या तलावांपर्यंत सगळी नावं घेऊन झाली. त्या चर्चेतून एक गोष्ट मात्र सुटली. हे पक्षी ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात चरतात, म्हणजे विक्रोळी-भांडुप-मुलुंडच्या मागच्या बाजूला. तो भाग येतो वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे. भरती चढली की चिखल बुडतो आणि थवे पलीकडे नवी मुंबईतल्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. तिथल्या बऱ्याच जमिनींवर शब्द चालतो ते शहर वसवणाऱ्या सिडकोचा. मधल्या आकाशाची जबाबदारी विमानतळवाल्यांची. आणि पाऊस झाला की अंडी घालायला हे पक्षी कच्छच्या रणाकडे जातात, ते राज्यच दुसरं. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने ठाणे खाडीतल्या काही फ्लेमिंगोंना जीपीएस यंत्रं लावली आणि त्यांची गुजरातेतली ये-जा नकाशावर उमटली. एका पक्ष्याच्या वर्षभरात चार कचेऱ्या येतात. प्रत्येकीकडे आपापल्या कामासाठी पैसा असतो, पण या चौघींमध्ये जी जागा उरते तिच्यासाठी कुणाकडे स्वतंत्र रक्कम नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मुंबईच्या किनाऱ्यावरचं सागरी जीवन राखायला पैसा अपुरा आहे ही ओरड अर्धीच खरी आहे. पैसा येतो, पण तो जमिनीच्या तुकड्याला बांधलेला असतो: इतकी हेक्टर, इतकी रोपं, इतक्या मीटरचा लाकडी पूल. खाडी, पक्षी, कासव, पापलेट ज्या दुव्यांवर जगतात, त्या दुव्यांचा खर्च कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही.

हा पैसा येतो कसा, ते आधी पाहू. ६ ऑक्टोबर २००५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने ती कायम करून कांदळवनाभोवतीची ५० मीटरची पट्टीही संरक्षित केली. सार्वजनिक हिताचं काम असेल तरच आणि न्यायालयाची परवानगी घेऊनच कुऱ्हाड चालवायची. या दोन निकालांच्या मधल्या काळात, २०१२ मध्ये, वन विभागात कांदळवन कक्ष उभा राहिला आणि २०१५ मध्ये त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान. देशात खारफुटीसाठी असा स्वतंत्र कक्ष काढणारं राज्य म्हणून महाराष्ट्राचं नाव घेतलं जातं, आणि ते श्रेय रास्त आहे. पूल, रस्ता, रेल्वे यांसाठी तिवरं जातात तेव्हा प्रकल्पवाल्यांकडून घेतलेली रक्कम प्रतिष्ठानकडे जमा होते, त्या ठेवीच्या व्याजातून आणि प्रकल्पनिहाय निधीतून कामं चालतात. बुलेट ट्रेनसाठी आधी सुमारे ५३ हजार झाडं जाणार होती. आराखडा बदलून तो आकडा २१,९९७ वर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली. वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्यासाठी डिसेंबर २०२५ मध्ये ४५ हजारांहून अधिक झाडं तोडायला परवानगी मिळाली. म्हणजे अंधेरी ते दहिसर या पट्ट्यातलं खाजण जितकं कमी होईल, तितकी संवर्धनाची थैली जड होते. व्यवस्था विचित्र आहे, पण आज हातात आहे ती हीच.

या पैशाने होणारं मुख्य काम म्हणजे लागवड, आणि ती जवळून पाहण्यासारखी असते. पावसाळ्यात तिवराची फळं पिकून गळतात, भरतीबरोबर काठाला लागतात. ती गोळा करायची, किडीने भोक पाडलेली बाजूला टाकायची आणि उरलेली पाण्यात भिजवायची, की पातळ साल सुटून आतली जाड हिरवी दलं उघडी पडतात. खाडीच्याच चिखलाने भरलेल्या पिशवीत ती अलगद टेकवतात. खोल पुरली तर कुजतात, नुसती वर ठेवली तर पाण्याबरोबर जातात. कांदळाचं मात्र वेगळं. त्याच्या शेंगेसारख्या लांब कोंबाला झाडावरच मूळ धरायची घाई असते, तो तोडून सरळ चिखलात रोवला तरी चालतो. रोपवाटिकेची जागा ठरवायला नकाशा पुरत नाही. उधाणाचं पाणी कुठवर चढतं आणि भांगाला कुठे थांबतं हे जिथल्या कोळ्याला ठाऊक, तिथलीच वाटिका टिकते. पुढे दीड-दीड मीटरवर रोपं लावायची, म्हणजे हेक्टरी ४,४४४. मग खरी मेहनत सुरू होते, कारण प्रत्येक भरती पोयसर, दहिसर, ओशिवरा या नद्यांतून उतरलेलं प्लास्टिक परत आणते. गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्या कोवळ्या खोडाला गुंडाळल्या जातात, ओहोटीला त्यांच्या वजनाने रोप आडवं होतं. वाचलेल्या रोपाच्या खोडावर शिंपले आणि शेवाळ चढतं, तेही हाताने काढावं लागतं. गुडघाभर चिखलात हे करणाऱ्या बायांच्या श्रमाला अहवालात एक शब्द असतो: देखभाल.

आता अडचण बघा. लागवड मोजता येते म्हणून पैसा लागवडीकडे धावतो आणि मग रिकामा दिसणारा चिखल म्हणजे मोकळी जागा वाटू लागते. खरं तर त्या चिखलात निवट्या असतात, चिंबोऱ्या असतात, आणि फ्लेमिंगोंना लागणारं सूक्ष्म शेवाळही तिथेच उगवतं. ठाणे खाडीत गाळ साचून गेल्या काही दशकांत खारफुटी पसरली आणि उघडा चिखल आक्रसला. ६ ऑगस्ट २०१५ रोजी घोषित झालेल्या इथल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या सुमारे १,६९० हेक्टरांपैकी जवळपास निम्मा भाग झाडांचा, निम्मा पाण्याचा आणि चिखलाचा आहे. अशा ठिकाणी चिखलात आणखी रोपं खोचणं म्हणजे पाहुण्याच्या ताटावर फुलदाणी ठेवणं. नुकसानभरपाईच्या हिशेबाला मात्र हे दिसत नाही. त्या हिशेबाचा कळस किनारी रस्त्याच्या प्रकरणात झाला: पर्यायी वनीकरणाचा एक भाग चंद्रपूर जिल्ह्यातल्या जमिनीवर ठरला. कागदावर वनजमिनीला वनजमीन मिळाली. गोराईच्या खाडीतल्या चिंबोरीला चंद्रपूरच्या सागाचा काय उपयोग, हे विचारायला रकाना नाही.

दुव्यांवर पैसा खर्च केला तर काय हाती लागतं, याचं उत्तर कोकणातून आलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला चढलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी दिसली. क्रमांक होता ०३२३३. शोध घेतल्यावर कळलं, की ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या संशोधकांनी लावली होती. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर, आणि पूर्व-पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं एकमेकांना परकी असतात या समजाला एका पट्टीने धक्का दिला. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह यंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली होती. त्या कामात कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था होती. धातूची पट्टी स्वस्त असते. महाग पडतात ती दोन माणसं: गुहागरला रात्री किनारा चालणारा, आणि तिकडे जुनी वही जपून ठेवणारा. यातला एक जरी पगाराअभावी निघून गेला असता, तर ०३२३३ हा नुसता आकडा राहिला असता.

जाळ्यांच्या भरपाईची योजनाही याच जातीची. कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळ्यात सापडला तर त्याला सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि डोल जाळं असो वा गळाची दोरी, ती अनेकदा उसनवारीवर घेतलेली असते. २०१८ च्या अखेरीपासून महाराष्ट्रात अशा मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अट अशी, की प्राणी अडकलेला, जाळं कापताना आणि तो पाण्यात परतताना, असे फोटो किंवा चित्रफीत हवी. लाटांवर डुलणाऱ्या बोटीत एक हात सुरीवर, दुसरा मोबाइलवर. तरीही शेकडो प्राणी अशा रीतीने सुटले आहेत. गुजरातेत व्हेल शार्कसाठी अशीच मोहीम २००४ पासून चालली, तिचा धडा इकडे कामी आला. पण व्हेल शार्क डहाणूच्या उत्तरेला अडकला की एक अर्ज आणि दक्षिणेला अडकला की दुसरा, ही स्थिती काही बदललेली नाही. दोन्ही राज्यांची नोंद एका वहीत आली, तर कुठल्या महिन्यात कुठल्या पट्ट्यात जाळी आवरायची हे आधीच सांगता येईल. ती वही कुणाच्या पैशाने चालवायची, एवढाच प्रश्न आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सगळ्यात जड आहे: तिवरं तोडून आलेल्या पैशाने निसर्ग राखायचा ही शुद्ध फसवणूक आहे, तो पैसा घेऊच नये. आक्षेपातला धोका खरा आहे. रखवालदाराचा पगार चोरीवर ठरू लागला, तर रखवाली सैल पडणारच. पण पैसा नाकारल्याने रस्ता थांबत नाही, तो परवानगीच्या टेबलावर थांबतो किंवा सुटतो. म्हणून पैसा आणि परवानगी यांची ताटातूट करायला हवी: रक्कम किती येणार हे ठाऊक असलेल्या कचेरीने परवानगीवर मत देऊ नये, आणि कक्षाचे नेहमीचे पगार प्रकल्पांच्या रकमेतून न जाता राज्याच्या अर्थसंकल्पातून जावेत. मग भरपाईची ठेव लांब पल्ल्याच्या कामाला मोकळी होते.

दुसरा आक्षेप स्थानिकांचा. मालाडच्या खाडीचं नुकसान होणार असेल, तर पैसा मालाडलाच लागला पाहिजे, ओडिशाच्या वहीत का घालायचा? मालाडचा हक्क पहिला, यात वाद नाही. खाडीकाठच्या गावांत चिंबोरी-पालन, कालवं-पालन यांसाठी कांदळवन योजनेतून गटांना मिळणारं मोठं अनुदान हा त्या हक्काचाच भाग आहे. पण कोळ्याला प्रादेशिक सहकार्य शिकवायची गरज नाही, तो त्याची किंमत केव्हाची मोजतो आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी केंद्राने ठरवली ती याच विचाराने: माशांच्या विणीला राज्याची हद्द कळत नाही. त्या सहकार्याचा खर्च वर्सोव्याच्या घराघरांतून, दोन महिन्यांच्या रिकाम्या डालग्यांतून वसूल होतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, पापलेटसाठी तो १३५ मिलिमीटर आहे. हा नियम पाळणाऱ्याच्या शेजारी त्याच पाण्यात दुसऱ्या राज्याची बोट कोवळं पापलेट भरत असेल, तर पाळणारा मूर्ख ठरतो. दोन राज्यांनी आकार एक करावा, दोन्हीकडच्या बंदरांवर मोजणीची माणसं ठेवावीत, यावर खर्च केलेला रुपया वर्सोव्याच्याच टोपलीत परत येतो.

तिसरा आक्षेप टिंगलीचा, आणि पुरेसा अनुभवसिद्ध: समन्वय म्हणजे बैठका, हॉटेलं आणि चकचकीत अहवाल. दक्षिण आशियाचा इतिहास या टिंगलीला आधार देतो. पाच देशांची दक्षिण आशियाई समुद्रांची कृती-योजना १९९५ मध्ये स्वीकारली गेली, तिचं काम कोलंबोच्या सचिवालयातून चालतं. मुंबईच्या एकाही कोळीवाड्यात तिचं नाव कुणाला माहीत असेल असं वाटत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर नॉर्वे, स्वीडन यांच्या पैशावर खारफुटीसाठी मोठा बहुदेशीय कार्यक्रम उभा राहिला, त्यातून बरंच झालं, आणि दात्यांचे टप्पे संपले तसा तो आटोपला. उलट २०१८ मध्ये हरित हवामान निधीने आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्र या तीन राज्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले, आणि १३ कोटी डॉलरच्या त्या एकूण प्रकल्पातला मोठा वाटा घरचाच होता. बाहेरचा पैसा सुरुवात करून देतो, टिकवतो तो घरचा, असं यावरून मला दिसतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये समरकंदला स्थलांतरित प्राण्यांच्या परिषदेत मध्य आशियाई हवाई मार्गासाठीचं समन्वय केंद्र भारतात असावं असं ठरलं. ३० देशांच्या त्या मार्गावर २०२२ पासून रामसर स्थळ असलेली ठाणे खाडी येते. ३० देशांना एकत्र बसवण्याआधी भांडुप आणि नेरूळला एकत्र बसवायला काय हरकत आहे?

टिंगलीवर उपाय म्हणजे कामांची नावं घेऊन पैसा देणं. भरतीच्या एकाच तासाला खाडीच्या दोन्ही काठांवर आणि त्याच आठवड्यात कच्छ-भावनगरला पक्षीगणना. टॅगच्या क्रमांकांची एकच सामाईक नोंदवही, आणि ती सांभाळणाऱ्याला तीन वर्षांच्या कंत्राटाऐवजी कायमची नोकरी. सिडकोच्या पाणथळींत भरतीचं पाणी आणणारे नळ तुंबले की कांदळवन कक्षाला ते उघडायला लावता येतील असा करार, आणि त्याच्या खर्चाची तरतूद. प्रत्येक प्रकल्पाच्या भरपाईतला दहावा हिस्सा यासाठी वेगळा काढला, तरी लागवडीला काही कमी पडणार नाही. जिथे लागवड नको तिथली थांबली तर उलट पैसा उरेल. उच्च न्यायालय परवानगी देताना अटी घालतंच. वर्सोवा-भाईंदर रस्त्याच्या अटींमध्ये रोपांचे आकडे आणि देखरेखीची वर्षं आहेत. पुढच्या प्रकल्पाच्या आदेशात या दहाव्या हिश्श्याचं एक कलम घालायला नवा कायदा लागत नाही, कुणाला तरी ते न्यायालयासमोर मागावं लागतं.