क्लिपलेस पेडलचा फायदा होतो का? आधी सांगा, कशात?

जुन्या जालन्यात पायडल म्हणजे रबरी ठोकळ्यांचं, चपलेनं मारायचं. सेकंडहँड मागवलेलं शिमानोचं पीडी-एम636 बसवायला नेलं, तेव्हा मिस्त्रींनी ते उलटसुलट करून विचारलं, "ह्याच्यात पाय अडकवायचा? अन् पडायला लागलो तर?" टाच बाहेर वळवली की बूट सुटतो, असं सांगितलं. पटलं नाही त्यांना.

नावातच घोळ आहे. बूट अडकतो, तरी नाव 'क्लिपलेस'! पूर्वी रेसिंगवाले पंजा टो-क्लिपच्या पिंजऱ्यात घालून पट्ट्यानं आवळायचे. तो पिंजरा गेला, म्हणून क्लिपलेस. 1984 मध्ये लूक कंपनीनं स्कीच्या बाइंडिंगवरून असं पेडल काढलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोनं त्यावर टूर द फ्रान्स जिंकली. 1990 मध्ये शिमानोचं एसपीडी आलं. त्याची क्लीट लहान, तळव्यात दबलेली, त्यामुळे चालता येतं. एम636 मध्ये त्याच यंत्रणेभोवती रुंद चौकट आहे. डाउनहिल किंवा बीएमएक्समध्ये पाय निसटला, तर टेकायला जागा हवी ना!

माझा पहिला प्रश्न होता, "क्लिपलेसनं फायदा होतो का?" गाईडनी एकच शब्द लिहून कागद परत दिला: "कशात?" तेव्हा राग आला होता. वाचायला बसलो आणि कळलं.

पाय अडकलेला असला की पेडल वर ओढता येतं, म्हणून ताकद वाढते, असं सगळेच सांगतात. कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 8 सायकलपटूंवर हे तपासलं. वर ओढल्यावर बलाची दिशा सुधारली, पण शरीराची एकूण कार्यक्षमता घटली. म्हणजे एकाच प्रयोगात 'फायदा' आणि 'तोटा' दोन्ही. तुम्ही काय मोजता त्यावर. 2016 मध्ये स्ट्रॉ आणि क्रॅम यांना स्थिर वेगात साधे बूट-सपाट पेडल आणि सायकलिंग बूट-क्लिपलेस यांच्या ऊर्जाखर्चात फरक दिसला नाही. मात्र 2020 मध्ये बर्न्स आणि क्रॅम यांना छोट्या, जीव तोडून मारलेल्या स्प्रिंटमध्ये क्लिपलेसवर कमाल शक्ती जास्त मिळाली.

दोन्ही निकाल खरे असू शकतात. बीएमएक्स रेस मिनिटाच्या आत संपते, म्हणून तिथे दुसरा निकाल कामाचा. डाउनहिलमध्ये तर बराच वेळ पेडल मारायचंच नसतं, दगडांवरून पाय टिकवायचा असतो. सॅम हिलनं 2006, 2007 आणि 2010 ची जागतिक अजिंक्यपदं सपाट पेडलवर जिंकली. तो अर्थात पुरावा नाही, पण प्रश्न नीट विचारायला भाग पाडतो.

आणि एक खोच. स्प्रिंटच्या प्रयोगात पेडलबरोबर बूटही बदलला होता. मग शक्ती वाढवली कुणी, खटक्यानं की कडक तळव्यानं? बूट तोच ठेवावा, तर क्लीट लावलेला बूट सपाट पेडलवर घसरतो. क्लीट काढली, तर तळवाच थोडा बदलतो. माझा आराखडा सध्या याच ओळीवर अडलाय.