‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढ्यावर भागत नाही

चांदवडजवळच्या राहुड घाटात मोटारसायकल घसरते, मानेला मार बसतो, म्हणून सीटी स्कॅन काढला जातो. मणके शाबूत निघतात, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते: थायरॉईडमध्ये दीड सेंटिमीटरची गाठ. चांदवडसारख्या महामार्गावरच्या गावातच काय, कुठेही थायरॉईडची गाठ हल्ली पुष्कळदा अशीच सापडते. तपासायला गेलो एक, हाती आलं दुसरंच. गाठ म्हटलं की घरात पुढचा शब्द कॅन्सर. मग नाशिकच्या डॉक्टरांचा नंबर लागतो, फाईल जावयाच्या नाहीतर भाच्याच्या काखेत असते, आणि टेबलापलीकडे सगळं ऐकून झाल्यावर एकच वाक्य येतं, ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं.’

साप चावला असेल, अपेंडिक्स फुटलं असेल, तर हे वाक्य अगदी योग्य. तिथे उत्तर एकच असतं आणि ते डॉक्टरांना ठाऊक असतं. थायरॉईडच्या गाठीत मात्र अनेकदा उत्तरं दोन-तीन असतात आणि वैद्यकशास्त्राच्या लेखी ती सगळी बरोबर असतात. त्यातलं कोणतं निवडायचं हे ठरवायला लागणारी निम्मी माहिती रुग्णाकडे असते.

आधी गाठीचं वजन ओळखू. शंभरातल्या चार ते सात प्रौढांच्या गळ्यात बोटांना लागेल अशी गाठ असते. सोनोग्राफी लावली, तर पाहण्यांनुसार हा आकडा १९ पासून ६८ पर्यंत जातो. बायकांमध्ये प्रमाण जास्त, आणि वयाबरोबर ते वाढतंच. यातल्या साधारण दहातल्या नऊ गाठी निरुपद्रवी असतात. इटलीत ९९२ जणांच्या अशा साध्या गाठींवर पाच वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा सुमारे १५ टक्के लोकांच्या गाठी वाढल्या, १८ टक्क्यांच्या चक्क लहान झाल्या, आणि कॅन्सर निघाला तो हजारात तीन गाठींत.

आणि कॅन्सर निघालाच तर? जपानमधल्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलात डॉ. अकिरा मियाउची यांनी १९९३ मध्ये एक धाडसी वाटणारा मार्ग सुरू केला. एक सेंटिमीटरपर्यंतचा, न पसरलेला ‘पॅपिलरी’ प्रकारचा थायरॉईड कॅन्सर लगेच कापायचा नाही. ठरावीक काळाने सोनोग्राफी करत नजर ठेवायची. अशा १,२३५ रुग्णांत दहा वर्षांत सुमारे आठ टक्क्यांची गाठ तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त वाढली, चारेक टक्क्यांच्या मानेतल्या लसिका ग्रंथींत आजार दिसला. त्यांचं ऑपरेशन तेव्हा केलं. थायरॉईडच्या कॅन्सरने दगावलं कोणीच नाही. उलटा धडा दक्षिण कोरियाने दिला. तिथे तपासणी मोहिमांमध्ये गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो लोक मात्र ग्रंथी काढून घेऊन जन्मभराच्या गोळीला लागले.

म्हणून आधी करायची ती थायरॉईडचं काम दाखवणारी टीएसएच ही रक्ततपासणी आणि नीट केलेली सोनोग्राफी. गाठीत सुई घालून पेशी तपासायच्या की नाही हे आकार आणि रूप दोन्ही पाहून ठरतं. संशयास्पद दिसणारी गाठ एक सेंटिमीटरची झाली तरी सुई लागते, सौम्य दिसणारी अडीच सेंटिमीटरपर्यंतही थांबू शकते. सुईचा रिपोर्ट ‘बेथेस्डा’ या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत येतो. दुसरी पायरी म्हणजे निर्धास्त, सहावी म्हणजे जवळजवळ नक्की कॅन्सर. खरी पंचाईत तिसऱ्या-चौथ्या पायरीची. तिथे पुन्हा सुई, अर्धी ग्रंथी काढणं, नजर ठेवणं, यांपैकी काहीही समर्थनीय ठरू शकतं.

इथे रुग्णाचं आयुष्य टेबलावर यायला हवं. बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारणारा माणूस घ्या, किंवा नवरात्रात रात्र जागवणारा गोंधळी. थायरॉईडच्या मागूनच स्वरयंत्राची नस जाते. अनुभवी हातातही शंभरात एक-दोघांच्या आवाजाला कायमचा धक्का बसू शकतो. हा आकडा कापड दुकानदाराला किरकोळ वाटेल, लिलाववाल्याच्या तो पोटावर येतो. अर्धी ग्रंथी काढली तर पाचात साधारण एकाला रोजची गोळी लागते. पूर्ण काढली तर सगळ्यांनाच लागते, रोज उपाशीपोटी, आयुष्यभर, आणि काहींना कॅल्शियमही. उलट नजर ठेवायची म्हटली तर दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने चांदवडहून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नाशिकला हेलपाटा आहे. मजुरी बुडते, भाडं जातं. शिवाय काहींना गळ्यात गाठ आहे या विचारानेच झोप लागत नाही. अशा माणसाने ऑपरेशन मागितलं तर ते भित्रेपण नव्हे.

अडचण अशी की हे विचारायचं कसं, हेच ठरलेलं नसतं. ‘मावशी, तुम्हाला काय वाटतं?’ असं डॉक्टरांनी म्हटलं, की उत्तर ठरलेलं: ‘मला काय कळतंय, पोराला विचारा.’ संवाद तिथेच संपतो, आणि डॉक्टरांना वाटतं आपण विचारलं. तेच ‘कांदा काढणीत किती दिवस अडकता? वर्षातून एकदा नाशिकला कोण आणेल? गोळी रोज आठवणीने घेणं जमेल?’ असं विचारून पाहावं. मावशी भडाभडा बोलतात, आणि बोलता बोलता निर्णयाचा कल कळतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. हुआन पाब्लो ब्रिटो यांच्या गटाने अशा संवादासाठी पर्याय शेजारी शेजारी दाखवणारं साधन बनवलं. दक्षिण कोरियात ते वापरलं, तेव्हा लहान कॅन्सर असलेल्या जास्त रुग्णांनी थांबून पाहणं पसंत केलं. आपल्या ओपीडीत पाच मिनिटांत पुढचा केसपेपर येतो, हे मान्य. पण ही गाठ बहुतेकदा आठवडाभर थांबू शकते. दुसऱ्या भेटीत ठरवायला काहीच हरकत नाही.

घरच्यांनी सोबत बसावं, जरूर बसावं. पण होकार रुग्णाचाच लागतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी हे स्वच्छ सांगितलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईच्या संमतीवर काढलं गेलं होतं. जीव तातडीने धोक्यात नसताना ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांत रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क त्यात आहे. मत घ्यायला गेलात तर पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही, आणि होत असेल तर तो त्यांचा प्रश्न.

थांबणं मात्र सगळ्यांसाठी नाही. गाठ झपाट्याने वाढतेय, आवाज घोगरा झालाय, गिळताना अडकतंय, मानेत आणखी गाठी लागतात, किंवा घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर झालाय, तर वाट पाहू नका.

बाकीच्यांनी एवढं तरी करा: सोनोग्राफीचे जुने कागद रद्दीत घालू नका. गाठ वाढली की नाही हे मागच्या मापाशी ताडूनच कळतं, आणि मागचं माप हाताशी नसेल तर डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.