काळ्या अस्वलाचे भय किती मानावे?

दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी वाचलेली आहे. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्याचे सोंग घेतो, आणि अस्वल त्याला हुंगून निघून जाते. उत्तर अमेरिकेतील काळ्या अस्वलाशी गाठ पडली असती तर या दोघांचेही शहाणपण वाया गेले असते. हा प्राणी झाडावर माणसाहून चपळाईने चढतो. आणि जे अस्वल भक्ष्य शोधीत आले आहे, त्याच्यापुढे निपचित पडणे म्हणजे त्याचे काम सोपे करून देणे होय.

आज आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली अमेरिकेत किंवा कॅनडात आहेत. उन्हाळ्यात आईवडील तिकडे जातात, रानात फिरायला निघतात, आणि वाटेवर अस्वलाच्या सूचनेची पाटी दिसताच काळजाचा ठोका चुकतो. हे भय खरे किती आणि खोटे किती, ते आम्ही येथे तपासणार आहोत.

काळ्या अस्वलांची संख्या अदमासे ६ ते ९ लाख धरली जाते. स्टीफन हेरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०० ते २००९ या काळातील नोंदी धुंडाळून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मोकळ्या काळ्या अस्वलांनी ५९ प्रसंगांत ६३ माणसे मारल्याचे आढळले. त्यांपैकी ५४ मृत्यू १९६० नंतरचे. म्हणजे एवढ्या मोठ्या खंडात वर्षाकाठी सुमारे एक. माणसांची वस्ती वाढली तसे मृत्यूही वाढले.

येथेच पुष्कळजण थांबतात आणि या आकड्याला सगळ्या लोकसंख्येने भागून 'कोट्यवधींत एक' असे समाधान करून घेतात. हा भागाकार आम्हांस मान्य नाही. पंचगंगेत बुडण्याचा धोका काढताना जो कधी नदीवर जातच नाही त्यालाही हिशेबात धरावे, तसा हा प्रकार झाला. खरा भाजक म्हणजे अस्वलांच्या मुलखात माणसांनी घालविलेले तास, आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. म्हणून धोका थोडा आहे एवढे निश्चित म्हणता येते. तो नेमका किती, हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

धोका कोठून येतो, हे मात्र या अभ्यासावरून बरेच उमगते. सर्वसाधारण समज असा की पिलांची आई सर्वांत भयंकर. ग्रिझली या तिकडच्या दुसऱ्या अस्वलाबाबत त्यात तथ्य आहे. काळी अस्वलीण मात्र बहुधा पिलांना झाडावर पिटाळते आणि फुत्कार टाकून, जमिनीवर पंजा आपटून, दात वाजवून आपल्याला दटावते. हा सारा गलबला भेदरलेल्या जिवाचा असतो. तिच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. बहुतेक वेळा प्रकरण तेथेच मिटते. ज्या ५६ जीवघेण्या प्रसंगांचा उलगडा करता आला, त्यांपैकी ४९ प्रसंगांत अस्वलाने माणसाकडे भक्ष्य म्हणूनच पाहिले होते. अशा शिकारी हल्ल्यांत जेथे अस्वल नर की मादी हे कळले, त्या ३६ पैकी ३३ वेळा ते नर होते. असे अस्वल गुरगुरत नाही. ते मुकाट्याने, नजर न हलवता मागे मागे येते. आवाज करणाऱ्यापेक्षा गप्प असणारा अधिक घातकी, हे ज्याला ठाऊक नाही तो नको तेथे घाबरतो आणि हवे तेथे गाफील राहतो.

असे अस्वल जवळ येऊ लागले तर पळू नये. ते ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावू शकते. एकत्र यावे, ओरडावे, दगड-काठी जे हाती लागेल ते घ्यावे, आणि अंगावर आलेच तर तोंडावर प्रहार करीत लढावे. बळी पडलेले बहुतेक लोक एकटे किंवा दुकटे होते, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

किरकोळ जखमांची कथा निराळी आहे, आणि तीत दोष बव्हंशी माणसाचा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पूर्वी प्रवासी मोटारीतून हात बाहेर काढून अस्वलांना खाऊ घालीत. १९३१ ते १९६९ या काळात तेथे अस्वलांनी दरवर्षी सरासरी ४८ माणसे जखमी केली. १९७० पासून खाऊ घालण्याची बंदी कसून अमलात आली, कचऱ्याचे उकिरडे बंद झाले, आणि पुढे हे प्रमाण वर्षाला सुमारे एकावर आले. प्राणघातक प्रसंगांतही १०० पैकी ३८ ठिकाणी अन्नाचा वा कचऱ्याचा संबंध असावा असे दिसते. तेव्हा तंबूत शेव-चिवड्याचा डबा उशाशी घेऊन झोपू नये. तो मोटारीत किंवा तेथील लोखंडी पेटीत बंद करून ठेवावा.

आणखी एक साधन आपल्या ओळखीचे आहे: मिरचीच्या तिखट अर्काचा फवारा. अलास्कातील नोंदींत काळ्या अस्वलांवर तो दहांपैकी नऊ वेळा लागू पडला. मात्र तो पिशवीच्या तळाशी ठेवून उपयोग नाही. कमरेला असावा, आणि उडविण्यापूर्वी वारा कोणीकडून येतो ते पाहावे.