भरतीच्या हिशेबाने वसलेली पणजी

पणजीहून जुन्या गोव्याकडे निघाले की पाट्टोचा पूल मागे पडताच डावीकडे मांडवी येते आणि उजवीकडे मिठागरे, खारफुटी, चिखलात उभे बगळे. मधून जातो तो रायबंदरपर्यंतचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बांध. व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या, म्हणजे लिन्यारिशचा काउंट, याने तो १६३०च्या दशकात घातला आणि आजही त्यावरून वाहने धावतात. पणजीची कथा सांगणारे बहुतेक जण आदिलशहाच्या वाड्यापासून सुरुवात करतात. मी या बांधापासून करतो. वाडा राजांनी बांधला, पण शहर बांधामुळे आणि भरावामुळे उभे राहिले.

नकाशा समोर धरला की हे लगेच ध्यानात येते. तिसवाडी हे बेटच आहे. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला दोन्ही नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. या बेटाच्या वायव्य अंगाला, मांडवीच्या मुखाजवळ पणजी आहे. मध्ये आल्तिन्योची जांभ्या दगडाची टेकडी, तिच्या पूर्वेला ओरेची खाडी, पश्चिमेला ताळगावच्या शेतांकडून येणारा सांतिनेजचा नाला. टेकडी आणि नदी यांच्यामध्ये कोरडी जमीन अगदी चिंचोळी. ताळगावची एक वाडी, एवढीच या जागेची जुनी ओळख.

जहाजाला जुन्या गोव्याला जायचे तर पणजीवरूनच जावे लागे. म्हणून आदिलशहाने काठावर वाडा आणि ठाणे केले. १५१०मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा जिंकला, तरी पुढची अडीचशे वर्षे राजधानी नदीच्या वरच्या अंगाला, जुन्या गोव्यातच राहिली. नवा व्हाइसरॉय पोर्तुगालहून आला की नगरप्रवेशाआधी पणजीच्या वाड्यात मुक्काम करी, एवढाच या गावाचा मान.

जुन्या गोव्याला साथींनी खाल्ले. विहिरींचे पाणी दूषित, वस्ती दाट, तापाची आणि पटकीची लाट पुन्हा पुन्हा येई. माणसे निघून गेली. १७५९मध्ये व्हाइसरॉय आदिलशहाच्या वाड्यात कायमचे राहायला आले. शहर आखले मात्र व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याने, १८३०च्या सुमारास. दलदल बुजवली, वाळूच्या टेकाडांची जमीन सपाट केली, एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते पाडले, सैन्यासाठी प्रचंड बराक बांधली. आज पोलीस मुख्यालय आहे ते त्याच इमारतीत. १८४३च्या राजाज्ञेने पणजी अधिकृत राजधानी झाली. ओसाड पडलेल्या जुन्या गोव्यातून सामान इकडे येऊ लागले. आझाद मैदानातल्या मंडपाचे खांब तिकडचेच. पायऱ्यांच्या चर्चमधली मोठी घंटाही आगुस्तिनियन मठाच्या पडलेल्या चर्चमधून आणलेली. एक राजधानी मोडून दुसरी उभारली, असे इथे शब्दशः घडले.

पिण्याच्या पाण्याची बाजू आल्तिन्योने सांभाळली. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो आणि पायथ्याशी झऱ्यांतून सोडतो. मळ्यातला फोंत फेनिक्सचा झरा आणि बोक द व्हाकची झर यांवर वस्ती जगली. शेजारचे फोंतेन्यास म्हणजे मुळात मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या आंतोनियु जुआंव द सिकेराचे नारळाचे भाट. लोक त्याला ‘मोसमीकार’ म्हणत.

आता बांधांच्या आतल्या बाजूकडे पाहू. तिसवाडीत खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताला खाजन म्हणतात आणि बांधातल्या दाराला मानस. मानशीची लाकडी झडप वरून टांगलेली असते. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून दाबते, झडप बंद होते. ओहोटीत आतले पाणी जड ठरते, झडप आपोआप उघडते. कुणी पहारा द्यायला नको, इंजिन नको. शेतात पावसाळी भात, उन्हाळ्यात मीठ, मानशीच्या तोंडाशी मासे. गावकऱ्यांच्या संस्थेने हा कारभार शतकानुशतके सांभाळला. गोव्यातली सर्वांत मोठी स्थापत्यविद्या मला चर्चच्या कमानींत नाही, या झडपेत दिसते.

शहर वाढले तसे हे शास्त्र मागे पडले. १९६१मध्ये गोवा मुक्त झाला, १९६७च्या जनमत कौलात गोवेकरांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला आणि १९८७मध्ये स्वतंत्र राज्य मिळाले. राजधानीला कचेऱ्या हव्या होत्या, बँका हव्या होत्या, बसस्थानक हवे होते. ओरेच्या काठच्या पाट्टोच्या सखल जमिनीवर भराव पडला. सांतिनेजचा नाला दोन्ही बाजूंनी घरांनी आवळला, त्यात सांडपाणी सुटले. आषाढात मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की गटारांची तोंडे नदीच्या पातळीखाली जातात आणि अठरा जून रस्ता पाण्यात उभा राहतो. याला निसर्गाचा कोप म्हणणे मला पटत नाही. पाणी जिथे थांबायचे ती जागाच आपण बांधकामाला दिली.

मांडवीने दुसराही धडा दिला होता. जुना पूल १९८६च्या जुलैमध्ये कोसळला आणि बार्देशाकडची वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली. आज तिथे पुलांची रांग आहे, २०१९मध्ये खुला झालेला अटल सेतू त्यांतला सर्वांत उंच. विधानसभा २०००मध्ये आदिलशहाच्या वाड्यातून पलीकडे पर्वरीच्या पठारावर गेली. नदीपात्रात कॅसिनोंची जहाजे नांगर टाकून आहेत.

२०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीत जेमतेम ४० हजार माणसे होती. एवढ्या लहान राजधानीला पाणी सांभाळणे अशक्य नाही. स्मार्ट सिटीच्या नावाने रस्ते खोदून झाले. आधी सांतिनेजचा नाला मुखापर्यंत मोकळा करावा, भरतीचे दार नीट बसवावे आणि उरलेल्या खाजनांत एक टोपलीही माती पडू देऊ नये.