पडदा काळा, दोष भलतीकडे

मॉनिटर काळा पडला की घरात पहिला निष्कर्ष निघतो, ‘स्क्रीन गेली’. तो निदान तपासून पाहिल्याशिवाय मान्य करू नये. चित्र दाखवणारे पॅनेल हा मॉनिटरचा सर्वांत महाग आणि घरी दुरुस्त न होणारा भाग आहे, म्हणून त्याचीच भीती आधी वाटते. पण ज्याच्यातून वीज वाहते, जो तापतो, ज्याची रोज ओढाताण होते, तो भाग पॅनेल नव्हे. अडॅप्टर, पॉवर सप्लायचे बोर्ड, पडद्यामागचा उजेड आणि केबल यांच्यावर खरा ताण असतो आणि हे भाग पॅनेलच्या मानाने स्वस्त आहेत. तेव्हा घरच्या घरी करायची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः दोष कुठे आहे ते ठरवणे. ते काम स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेताही पुष्कळसे होते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत हे अधिकच लागू पडते. नारायणगाव किंवा मंचरच्या पेठेत वीज जशी मिळते तशी ती मळ्यातल्या वस्तीवर मिळेलच असे नाही. दूरवर ओढलेली लाइन, एकाच डीपीवर चढणारा पंपांचा भार, वळवाच्या पावसातल्या विजा हे सगळे तिथे आहे. अशा ठिकाणी ‘व्होल्टेज कमी होते म्हणून मॉनिटर जळाला’ असे सर्रास म्हटले जाते. मात्र आजच्या बहुतेक मॉनिटरचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालेल असाच बनवलेला असतो, त्यामुळे नुसत्या कमी दाबाने त्याचे फारसे बिघडत नाही. त्याला मारतो तो चढलेला दाब. डीपीवर न्यूट्रल तुटला, तर एकेका घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. वीज परत येतानाचा झटका आणि आकाशातली वीज यांचाही मार त्याच दिशेने बसतो. पॉवर सप्लायच्या तोंडाशी असलेले फ्यूज आणि व्हॅरिस्टर तो मार अंगावर घेण्यासाठीच बसवलेले असतात. ते जळाले म्हणजे मॉनिटर गेलाच असे नाही, कित्येकदा त्यांनीच तो वाचवलेला असतो. दुसरा मृत्यू सावकाश येतो. बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकत जातात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा त्या क्षेत्रातला ठोकताळा आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत भिंतीला चिकटवून ठेवलेल्या मॉनिटरवर त्याचा काय परिणाम होत असेल, ते यावरून कळते. बटण दाबल्यावर उशिरा सुरू होणे, लाइट नुसती लुकलुकत राहणे, ही कपॅसिटर फुगल्याची नेहमीची लक्षणे आहेत.

तपासणी बाहेरून आत अशीच जायला हवी. आधी दुसरा सॉकेट, मग पॉवरची दुसरी वायर. बाहेरचा अडॅप्टर असेल तर त्यावर लिहिलेले व्होल्ट मल्टिमीटरवर येतात का ते पाहावे. पण इथे एक फसगत होते. निकामी होत आलेला अडॅप्टर मोकळा असताना बरोबर आकडा दाखवतो आणि मॉनिटरचा भार पडताच खाली येतो. म्हणून खरी परीक्षा दुसरा अडॅप्टर लावूनच होते. त्याचे व्होल्ट आणि पिनची दिशा तीच हवी, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. त्यानंतर मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू उघडावा. माझ्या मते सगळ्या तपासणीत ही कसोटी सर्वांत मोलाची आहे, कारण तो मेन्यू संगणकातून येत नाही, मॉनिटरच तयार करतो. चित्रावर रेघा किंवा विचित्र रंग दिसत असताना मेन्यू मात्र स्वच्छ उमटला, तर दोष केबल, पोर्ट किंवा संगणकात शोधायचा. मेन्यूही तसाच बिघडलेला असेल, तर मॉनिटर दोषी. आणि पडदा पूर्ण काळा असेल, तर खोली अंधारी करून टॉर्चचा झोत त्यावर तिरका धरावा. अंधुक चित्र दिसले, तर पॅनेल जिवंत आहे आणि मागचा उजेड तेवढा गेला आहे. एलईडीच्या पट्टीत दिवे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक उडाला तरी सगळी रांग विझू शकते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. एवढा खटाटोप कशाला, नवा मॉनिटर घ्यावा. काच तडकली असेल किंवा मेन्यूवरही कायमच्या उभ्या रेघा येत असतील, तर हे म्हणणे बरोबर आहे, त्या दुरुस्तीत पैसे घालू नयेत. पण फुगलेला कपॅसिटर काही रुपयांना मिळतो, आणि त्याच्यापायी चांगले पॅनेल भंगारात जाणे मला पटत नाही. जुन्या एलसीडी मॉनिटरच्या दिव्यांत पारा आणि जुन्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण तांब्यासाठी उकिरड्याकडेला फोडलेल्या मॉनिटरपर्यंत ती जबाबदारी पोचत नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो पूर्ण मान्य करायला हवा. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो. जुन्या डबा मॉनिटरच्या ट्यूबला तर २० हजारांच्या वर व्होल्ट लागतात, तो घरी उघडूच नये. म्हणून झाकणाच्या बाहेरची तपासणी सर्वांनी करावी. झाकणाच्या आत, साठलेला दाब उतरवून आणि मोजून पाहता येणाऱ्यानेच हात घालावा.

या दोन तालुक्यांत आणखी एक गोष्ट जपावी लागते. खोडदची जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण इथल्या शेतांमधूनच पसरलेली आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली तेव्हा ही जागा निवडण्यामागे एक कारण होते ते इथल्या रेडिओ शांततेचे. डोंगरांनी शहरांचा गोंगाट अडवला जातो. पण डोंगरांच्या आतला गोंगाट कोण अडवणार? १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा रंगवणाऱ्या मॉनिटरचा ठोका १४८.५ मेगाहर्ट्‌झचा असतो, आणि दुर्बीण १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासही आकाश ऐकते. बोर्डावरचे पत्र्याचे कवच, केबलची जाळी, तिच्यावरचा फेराइटचा गोळा हे सारे तो ठोका आतच ठेवण्यासाठी असते. दुरुस्तीत ‘नसले तरी चालते’ म्हणून पहिला बाजूला पडतो तो हाच पत्रा. एका मॉनिटरने काय होणार, असे कोणी म्हणेल. पण दूरच्या आकाशगंगेतून येणारी लहर इतकी क्षीण असते, की जवळचे छोटे उपकरणही तिच्यापुढे जोरात बोलते. चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला, ही व्याख्या इथे अपुरी आहे. कवच सगळ्या स्क्रूंसह जागेवर बसले पाहिजे आणि अर्थिंग नीट हवे.

पॉवर सप्लायच्या गोंगाटापुरती एक चाचणी घरीही होते. मीडियम वेव्हचा छोटा रेडिओ आकाशवाणी पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्‌झच्या जरा बाजूला, रिकाम्या जागी लावून मॉनिटरजवळ धरावा. प्लग काढताच खरखर एकदम ओसरली आणि लावताच परत आली, तर ती तिथूनच येते आहे. १४८.५ मेगाहर्ट्‌झचा ठोका या रेडिओला ऐकू येणार नाही, पण फिल्टर न घातलेला स्वस्त अडॅप्टर मात्र लगेच सापडतो. तो दुकानदाराला परत करावा आणि मॉनिटरच्या मूळ कंपनीने सांगितलेलाच घ्यावा.