नोंदणीकृत परिचारिका व तिचीं कागदपत्रें

नाशिक क्षेत्राच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचें महत्त्व या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. यजमानाचें कूळ, गांव व सोबतचीं माणसें त्यांत पिढ्यान् पिढ्या उतरलेलीं असतात. तथापि त्या वह्यांतून वंश चालतो तो बहुधा पुरुषांच्या नांवांनीं. त्याच नाशिकांत, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळच्या बाजूस, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. अभिमत विद्यापीठें व कांहीं थोड्या संस्था वगळतां महाराष्ट्रांत परिचर्येची पदवी घेणाऱ्यांचीं नांवें याच विद्यापीठाच्या दप्तरीं दाखल होतात, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. एका स्त्रीचें नांव तिनें स्वतः संपादन केलेल्या विद्येच्या बळावर कायद्याच्या पटावर कसें चढतें, आणि त्या वाटेवरील कागद अभ्यासकानें कसे वाचावे, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'शुश्रूषा' या शब्दाचा धात्वर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूचें वचन ऐकण्यास तत्पर राहणें यावरून सेवा करणें हा अर्थ रूढ झाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत वैद्य, औषधिद्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले असून, उपस्थात्याच्या ठिकाणीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग व शुचिता हे चार गुण असावे असें म्हटलें आहे. म्हणजे परिचारकास ज्ञान लागतें ही कल्पना आपणांकडे नवी नाहीं. नवी आहे ती एवढीच कीं, त्या ज्ञानाची परीक्षा घेऊन उत्तीर्णांचीं नांवें राज्याच्या अधिकारानें एका रजिस्टरांत नोंदवावीं.

महाराष्ट्रांत या शिक्षणाचा आरंभ रुग्णालयांतूनच झाला. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयांत १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत या परिचर्या शिकण्यास आल्या. शिक्षणासाठीं पुढें आलेली पहिली हिंदी परिचारिका म्हणून त्यांचें नांव या विषयाच्या पुस्तकांतून येतें. आतां एवढ्या नांवावरून 'गणपत' हें पित्याचें कीं पतीचें हें ठरवितां येत नाहीं. आडनांव तर नाहींच. पटावरील एका नोंदीचें मोल काय असतें हें अशा वेळीं कळतें.

पुण्याच्या सेवासदनाची हकीकत नाशिककरांस अधिक जवळची आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालीं नाशिक जिल्ह्यांतील निफाड येथें झाला. १८७८ सालीं त्यांची बदली नाशिकास झाली, तेव्हां रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्तींच्या निधनानंतर रमाबाईंनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्यानें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन उभें केलें, आणि १९११ सालापासून ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यासाठीं विद्यार्थिनी पाठविण्यास आरंभ केला. परक्या जातीच्या रोग्यास स्पर्श करणें, रात्रपाळीस घराबाहेर राहणें व त्याबद्दल वेतन घेणें या तिन्ही गोष्टी त्या काळच्या पांढरपेशा घरांस दुःसह होत्या. त्या घरांतील विधवांस व निराधार स्त्रियांस हें शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभें करणें हा त्यांतील खरा पराक्रम होय.

तथापि या काळांतील प्रमाणपत्र आणि कायद्याची नोंदणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंग्लंडांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९१९ सालीं झाला. आपणांकडे मद्रास इलाख्यांत तो १९२६ सालीं व मुंबई इलाख्यांत १९३५ सालीं झाला. अखिल भारतासाठीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ सालीं मंजूर झाला. त्याची निकड किती होती हें भोर समितीच्या १९४६ सालच्या अहवालावरून दिसतें: देशांत शिक्षित परिचारिका सुमारें ७,००० होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. पुढें मुंबई राज्याचा १९५४ सालचा व महाराष्ट्राचा १९६६ सालचा असे कायदे झाले. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा संसदेनें २०२३ सालीं मंजूर केला.

या शिक्षणाच्या तीन पायऱ्या आहेत. सहाय्यक परिचारिका प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या ही तीन वर्षांची पदविका. आणि चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी. पदवीस बारावीपर्यंत भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांचें अध्ययन लागतें. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र, औषधशास्त्र, मानसरोग, बालरोग, प्रसूति व सार्वजनिक आरोग्य हे विषय वर्गांत शिकवितात; परंतु शिक्षणाचा फार मोठा भाग रुग्णालयाच्या वॉर्डांत, रोग्याच्या उशाशीं होतो. पदवीची परंपरा भारतांत १९४६ सालीं दिल्ली व वेल्लोर येथें सुरू झाली. नाशिकचें विद्यापीठ १९९८ सालीं स्थापन होण्यापूर्वीं अशीं महाविद्यालयें त्या त्या विभागांतील सामान्य विद्यापीठांस जोडलेलीं असत.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पदवी हातीं आली म्हणजे नोंदणी झाली असें नाहीं. विद्यापीठ विद्येची साक्ष देतें. व्यवसाय करण्याचा अधिकार राज्याच्या परिचर्या परिषदेच्या पटावर नांव चढल्यावरच प्राप्त होतो, आणि ठराविक मुदतीनें त्याचें नूतनीकरण करावें लागतें. नाशिकची पदवी घेतलेल्या मुलीचें नांव म्हणून मुंबईच्या परिषदेच्या रजिस्टरांतहि शोधावें लागतें. नांवापुढें 'नोंदणीकृत परिचारिका' व 'नोंदणीकृत प्रसाविका' अशीं दोन बिरुदें जोडून येतात, याचें कारण एकाच अभ्यासक्रमांत दोन्ही विद्या शिकविल्या जातात हें होय.

यावरून कागद पारखण्याचे कांहीं साधे नियम निघतात. मुंबई इलाख्यांतील १९३५ पूर्वींचा कागद रुग्णालयाचें वा एखाद्या संस्थेचें प्रमाणपत्र असूं शकेल, इलाख्याच्या कायद्याखालील नोंदणीपत्र असूं शकणार नाहीं. परिषदेच्या शिक्क्यांत 'महाराष्ट्र' हें नांव आल्यास तो कागद १९६० पूर्वींचा नव्हे. नाशिकच्या विद्यापीठाची मुद्रा १९९८ च्या अलीकडची. कागदावर साल पुसट झालें असतां एवढ्यानेंहि काळाची एक मर्यादा बांधतां येते. प्रमाणपत्राखेरीज पदक, वॉर्डांतील अनुभवाचा दाखला, मेट्रनचें शिफारसपत्र व प्रसूतीच्या नोंदींची वही हीं साधनेंहि मोलाचीं आहेत. ठराविक संख्येच्या प्रसूति विद्यार्थिनीनें स्वतः करून त्या वहींत लिहाव्या व देखरेख करणाऱ्या व्यक्तीनें प्रत्येक नोंदीवर सही करावी, अशी पद्धति आहे. त्यामुळें शिकणारणीचें हस्ताक्षर व शिकविणाऱ्याची साक्ष एकाच पानावर सांपडते.

सर्वांत मोठी अडचण नांवाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचें नांव, पदविकेवरहि तेंच, पुढें लग्नानंतर नोकरीच्या कागदांवर सासरचें. अशा वेळीं एकाच बाईच्या दोन बायका होतात व अभ्यासकाच्या यादींत एक परिचारिका अकारण वाढते. नांवें बदलतात, परंतु नोंदणीचा क्रमांक तिच्यासोबत राहतो. म्हणून क्रमांक प्रथम टिपून घ्यावा व नांवें त्याच्याखालीं लावावीं. नांवांतील बदलाचें राजपत्र कागदांत असल्यास तें वेगळें न काढतां त्यांच्यासोबतच ठेवावें.

घराण्यांच्या सनदा व कैफियती आपण जपल्या, तें योग्यच झालें. परंतु आजीच्या ट्रंकेंतील घडी पडलेलें प्रमाणपत्र घरांतील मंडळींस सनद वाटत नाहीं, आणि घर बदलतांना तें रद्दींत जातें. एखाद्या घरांत पहिली कमावती स्त्री कोण होती, ती कोणत्या वर्षीं घराबाहेर पडली व कोणाच्या हाताखालीं शिकली, याचा लेखी पुरावा पुष्कळदां त्या एकाच कागदांत असतो. तो गेला म्हणजे ती बाई पुन्हां कोणाची तरी पत्नी वा माता एवढीच उरते. ज्यांच्या संग्रहीं अशीं कागदपत्रें असतील त्यांनीं त्यांची नक्कल व छायाचित्रें करून ठेवावीं. मात्र प्रसूतीच्या वह्यांत रोग्यांचीं नांवें असतात. तीं प्रसिद्ध करूं नयेत. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत जीं नांवें मागें राहिलीं त्यांतील कांहीं तरी या दुसऱ्या पटावरून पुढें आणतां येतील, आणि तें काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं.